चव्हाट्यावरचा ज्ञानकोश

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं सकाळीं आमचे व्याही नेरूळला आमच्या घरीं आले. येतांना त्यांनीं पेरूंची एक पिशवी आणि जाड पुठ्ठ्याची एक फाईल आणली होती. चहा झाला, पेरू स्वयंपाकघरांत गेले आणि फाईल आमच्या पुढ्यांत आली. तींत त्यांच्या क्लासचीं माहितीपत्रकें, दहावी-बारावींत चमकलेल्या मुलांचीं छायाचित्रें, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांचीं दोन पानें आणि कोणा संस्थेनें दिलेलें एक चकचकीत प्रशस्तिपत्र, असा ऐवज होता.

“मास्तर,” ते म्हणाले, “तुम्ही त्या विकिपीडियावर लिहितां असें सूनबाईकडून कळलें. आमच्या क्लासवर एक पान टाकून द्या. पालक हल्लीं मोबाईलवर आधीं नांव शोधतात; तेथें आपलें पान दिसलें, म्हणजे मग बोलावें लागत नाहीं. घरचेंच काम आहे. तुम्हांला काय, दोन घटकांचें!”

आम्ही मुलीकडचे. व्याह्यांच्या शब्दास तोंडावर नाहीं म्हणणें आमच्या पिढीस किती जड जातें, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आम्हीं फाईल ठेवून घेतली आणि “पाहून कळवितों” असें म्हटलें. त्या ‘पाहून कळवितों’मधून पुढें जें घडलें, तें सांगण्याच्या निमित्तानें या नव्या ज्ञानकोशाचा कारभार कसा चालतो, त्यांत स्तुतिपाठक कोणत्या वाटेनें शिरतात आणि तेथील तंटे कसे मिटतात, याचा थोडा वृत्तांत वाचकांपुढें ठेवावा असें मनांत आलें.

विकिपीडिया म्हणजे काय हें घरांतील तरुण मंडळींस ठाऊक असतेंच. वडील मंडळींसाठीं थोडक्यांत सांगतों. १५ जानेवारी २००१ रोजीं अमेरिकेंत जिमी वेल्स व लॅरी सँगर या दोघां गृहस्थांनीं इंटरनेटवर हा ज्ञानकोश सुरू केला. त्याची मराठी शाखा १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं, निघाली आणि आज तींतील लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे. हा कोश कोणीहि फुकट वाचावा, आणि कोणीहि त्यांत लिहावें, इतकेंच नव्हे तर दुसऱ्यानें लिहिलेलें दुरुस्तहि करावें, अशी त्याची रीत आहे. दुरुस्तीपूर्वींचा मजकूर मात्र नाहींसा होत नाहीं. प्रत्येक पानाच्या पोटांत ‘इतिहास’ म्हणून एक खतावणी असते. कोणीं, कोणत्या दिवशीं, किती वाजून किती मिनिटांनीं कोणता शब्द बदलला, हें तींत नोंदलेलें राहतें. शिवाय प्रत्येक लेखास एक ‘चर्चा’पान जोडलेलें असतें, लेखाविषयीं जें काय भांडावयाचें तें तेथें भांडावें.

मराठी विकिपीडियाच्या परिभाषेवर आमचा विशेष लोभ आहे. नवशिक्यानें जेथें हात बसवावयाचा त्या जागेस ‘धूळपाटी’ असें नांव दिलेलें पाहून आमच्या आजोबांच्या पंतोजींची आठवण झाली. सर्वांच्या सामायिक प्रश्नांची जागा ती ‘चावडी’. ज्या लेखांवर आपण नजर ठेवतों त्यांची यादी ती ‘पहाऱ्याची सूची’. यंत्रवत् ठराविक दुरुस्त्या करणारी जी संगणकाची योजना असते, तिला तर ‘सांगकाम्या’ म्हणतात! ज्या कोणास हा शब्द प्रथम सुचला, त्यास आम्ही मनांतल्या मनांत नारळ देऊन ठेवला आहे.

ज्ञानकोश ही वस्तु आपल्याला नवी नव्हे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, त्यासाठीं नागपुरास मर्यादित मंडळी स्थापन केली, भाग खपविले, वर्गणीदार मिळविण्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. पैशाची एवढी ओढाताण असलेल्या या कामांत पैसे देणारास ‘तुझेंहि चरित्र घालतों’ असें सांगणें किती सोपें होतें! परंतु तेथें दाराशीं संपादक उभा होता. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२, १९३७ व १९४६ सालीं निघाले. त्यांतहि कोणास किती जागा द्यावयाची हें संपादकाच्या विवेकावर होतें. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखालीं मराठी विश्वकोश सिद्ध झाला, त्याचा पहिला खंड १९७६चा आणि विसावा २०१५चा. म्हणजे मजकूर छापखान्यांत जाण्यापूर्वीं तो किती चाळण्यांतून जात असेल याची कल्पना यावी. विकिपीडियानें हा क्रम उलटा केला. येथें आधीं छापतात आणि मग चाळतात. दाराशीं कोणी नाहीं; आंत आलेला प्रत्येक जण हवें तर पाहुणा, हवें तर पहारेकरी. ‘प्रचालक’ म्हणून कांहीं सदस्यांस पान कुलूपबंद करण्याचा, काढण्याचा अथवा एखाद्या व्रात्य सदस्यास लिहिण्यास बंदी करण्याचा अधिकार असतो. पण तेहि आपल्यासारखेच बिनपगारी.

चव्हाट्यावर मांडलेल्या घड्याच्या पाण्यांत कोणीहि हात घालतो, तसेंच याचें होतें. त्यांतून आमचें शहर नवें. सिडकोची स्थापना १९७०ची, महानगरपालिका १९९२ची; वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली यांविषयीं जुन्या पुस्तकांतून मिळणारी माहिती थोडी. म्हणून येथील स्थळांचीं पानें ओसाड पडक्या भिंतींसारखीं जाहिरातदारांस मोकळीं सांपडतात. आम्हीं पहाऱ्याची सूची धरली तेव्हां पहिल्याच पंधरवड्यांत एका उपनगराच्या पानावर ‘जवळचीं प्रेक्षणीय स्थळें’ या मथळ्याखालीं एका विक्रीस असलेल्या इमारतीचें नांव आणि फोन नंबर सांपडला. दुसऱ्या पानावर दंतवैद्याच्या दवाखान्याचा दुवा ‘संदर्भ’ म्हणून चिकटविलेला होता. मजकूर होता तेथील खाडीच्या खारफुटीविषयीं. अशा बाहेरच्या दुव्यांमुळें शोधयंत्रांत आपला क्रम वर जातो, ही या लोकांची समजूत. वास्तविक तसा वशिला लागूं नये अशी तांत्रिक तजवीज इंग्रजी विकिपीडियानें २००७ सालींच करून ठेवली. पण ती बातमी दुवे चिकटविणारांच्या कानांवर अजून गेलेली दिसत नाहीं.

ही जाहिरात ढोबळ असते, एका फटक्यांत पुसतां येते. तिच्याहून चिवट ती फलकांची भाषा. आमच्या शहरांत चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक लागतात, त्यांवर ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘भावी आमदार’ हीं विशेषणें वाचून डोळे इतके सरावले आहेत कीं, तींच कोशांत आलेलीं कित्येकांस खटकतहि नाहींत. आम्हीं यावर एक उपाय काढला, तो शाळेंतलाच. व्याकरणाच्या तासाला मुलांना जसें ‘विशेषणें अधोरेखित करा’ म्हणून सांगत असूं, तसें करावयाचें आणि मग तीं सर्व खोडून उरलेलें वाक्य वाचावयाचें. एका शाळेविषयींचें वाक्य असें होतें: ‘नवी मुंबईच्या शैक्षणिक क्षितिजावर तळपणारी, गुणवत्तेचा मानदंड ठरलेली, विद्यार्थ्यांचें आशास्थान असलेली अग्रगण्य शाळा.’ खोडाखोड झाल्यावर उरलें: ‘नवी मुंबईतील शाळा.’ तेवढें मात्र खरें होतें, म्हणून राहूं दिलें. मीमांसक विधि आणि अर्थवाद असा भेद करतात. काय करावें हें सांगतो तो विधि, आणि त्याची नुसती वाखाणणी तो अर्थवाद. कोशाला अर्थवाद चालत नाहीं, हा झाला सारांश.

स्वतःची वाखाणणी करण्याची हौस कांहीं इंटरनेटनें आणलेली नाहीं. ऐहोळेच्या देवळावर इ. स. ६३४ चा जो शिलालेख आहे, त्यांत चालुक्य पुलकेशीची स्तुति करतां करतां कवि रविकीर्ति यानें आपली कीर्ति कालिदास-भारवींच्या बरोबरीची असल्याचेंहि दगडावर कोरून ठेवलें. मौज अशी कीं, त्या आत्मस्तुतीचा उपयोग आज विद्वान् लोक करतात तो कालिदास व भारवि या तारखेपूर्वीं होऊन गेले एवढें ठरविण्यास. रविकीर्तीची थोरवी ठरविण्यास नव्हे. स्तुतींतूनहि माहिती निघते, पण स्तुति करणाराला हवी असते ती नव्हे.

आतां या हौसेचा धंदा झाला आहे. पैसे घेऊन लोकांचीं पानें लिहून देणारे दलाल जगभर आहेत. म्हणून विकिपीडियाच्या चालकांनीं जून २०१४ मध्यें नियम केला कीं, जो कोणी मोबदला घेऊन लिहील त्यानें आपण कोणाकडून व कोणासाठीं पैसे घेतले, हें उघड सांगावें. नियम झाला तरी चोर थांबतो थोडाच? २०१५च्या ऑगस्टअखेर इंग्रजी विकिपीडियावर एक टोळी सांपडली. एकाच गटानें चालविलेलीं ३८१ खातीं बंद करावीं लागलीं आणि २१० लेख काढावे लागले. यांची युक्ति ऐकण्यासारखी आहे. एखाद्या लहान व्यापाऱ्यानें अथवा कलावंतानें आपल्यावर लेख करून पाहिला आणि तो नापसंत झाला, कीं हे लोक त्यास गांठीत. आपण विकिपीडियांतले वजनदार संपादक आहों असें भासवून पैसे घेत आणि लेख चढवीत. पुढें तो लेख ‘सांभाळण्या’साठीं दरमहा हप्ता मागत. हप्ता चुकला तर लेख गेला! अंगणांत तुळस लावून देतों म्हणणारा माळी, आणि तोच रात्रीं ती उपटण्याची धमकी देणारा. नवी मुंबईंतहि ‘पान करून देतों’ असे फोन लोकांस येतात. वाचकांपैकीं कोणास आल्यास एवढें ध्यानांत ठेवावें कीं, विकिपीडियाला पान करण्याचे वा टिकविण्याचे पैसे लागत नाहींत, आणि जो ते मागतो त्याच्या हातांत पान टिकविणें नसतें.

आमच्या व्याह्यांनीं कोणास पैसे दिले नव्हते. ते सरळ आमच्याकडे आले, हा त्यांचा प्रामाणिकपणाच. आम्हीं ती फाईल दोन रात्री वाचली. पुरवणीच्या पानांवर त्यांच्या क्लासची भरभरून स्तुति होती. परंतु कोपऱ्यांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, ‘जाहिरात पुरवणी’ असें छापलेलें होतें. प्रशस्तिपत्र देणाऱ्या संस्थेच्या पत्रकांत पुरस्कारासाठीं ‘नोंदणी शुल्क’ किती तें दिलेलें होतें. राहिलीं माहितीपत्रकें, तीं त्यांचीं स्वतःचींच. पुढच्या रविवारीं आम्हीच त्यांच्याकडे गेलों आणि शक्य तितक्या हळू आवाजांत विचारलें, “यांत आपण स्वतः किंवा आपल्या पैशानें छापलेलें नाहीं, असें कांहीं आहे का?”

ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही खोटें लिहिलें आहे, असें म्हणणें आहे तुमचें?”

या विषयाची सारी अडचण त्या एका प्रश्नांत आहे. त्यांचें एक अक्षरहि खोटें नव्हतें. बावीस वर्षें ते पहाटे उठून मुलांस गणित शिकवीत आले आहेत. गरिबांच्या पोरांची फी त्यांनीं मागितलेली नाहीं, हें आम्हांस मुलीकडून ठाऊक आहे. पण विकिपीडिया हें खरें का, असें विचारीतच नाहीं. तो विचारतो, ज्याचा यांत कांहीं संबंध नाहीं अशा कोणीं हें कोठें छापलें आहे? आप्तवाक्य प्रमाण मानावें, असें आम्ही शिकलों. येथें ‘आप्त’ म्हणजे विश्वासू, सोयरा नव्हे. सोयरा तर तेथें साक्षीदारच धरीत नाहींत. आम्हीं हें त्यांस समजावून सांगितलें आणि जें करतां येण्यासारखें होतें तें केलें. चावडीवर ‘हे आमचे व्याही आहेत’ असें उघड लिहून, हा विषय लेखास योग्य आहे का, असा सवाल टाकला. दोघां सदस्यांनीं पाहून, स्वतंत्र संदर्भ मिळेपर्यंत नको, असें उत्तर दिलें. तें आम्हीं व्याह्यांस दाखविलें. ते “बरें” म्हणाले. त्या ‘बरें’नंतर चार महिने त्यांचा फोन आला नाहीं. संक्रांतीचा तिळगूळ मुलीच्या हातीं आला. घरांतून आम्हांस ऐकवण्यांत आलें कीं, “दोन ओळी लिहून टाकल्या असत्या, तर काय आभाळ कोसळणार होतें?”

आम्हांस त्या दोन ओळी कां लिहवेनात, यास कारण आहे, आणि तें आमच्याच फजितीचें आहे.

१९७५ सालीं मॅट्रिक झाल्यावर आम्हीं कोंकणांतल्या एका खेड्यांत चार वर्षें शास्त्रीबुवांजवळ संस्कृताचें अध्ययन केलें. त्यांनीं आम्हांस काव्य, व्याकरण आणि तर्कसंग्रह शिकविला, जेवूं घातलें, आणि दक्षिणा म्हणून एक नारळ घेतला. सेवानिवृत्तीनंतर विकिपीडियावर लिहूं लागलों तेव्हां पहिला स्वतंत्र लेख आम्हीं त्यांच्यावर लिहिला. ‘ऋषितुल्य’, ‘प्रकांड पंडित’, ‘निरिच्छ’ असे शब्द त्यांत होते आणि आमच्या मतें ते कमीच होते. दोन दिवसांनीं लेखाच्या डोक्यावर एक पाटी लागली: हा लेख जाहिरातीसारखा वाटतो, यास संदर्भ नाहींत. शास्त्रीबुवांची जाहिरात! आम्हीं ती पाटी काढली. ती पुन्हां लागली. पुन्हां काढली. तिसऱ्या वेळेस आमच्या चर्चापानावर एका अपरिचित सदस्याचा मजकूर आला, कीं पाटी काढूं नये, लेखांतील विधानें कोठें छापलेलीं आहेत तेवढें कळवावें.

आम्हीं त्यास विचारलें, “आपलें संस्कृताचें अध्ययन किती?”

उत्तर आलें: “आठवी ते दहावी. सध्यां अभियांत्रिकीला आहे. लेखांतील विधानें कोठें छापलेलीं आहेत, तेवढें कळवावें.”

चौतीस वर्षें शिकविलेल्या माणसास एका पोरानें असें विचारावें आणि त्यावर उत्तर नसावें! शास्त्रीबुवांनीं एकहि ग्रंथ छापला नव्हता. त्यांच्यावर कोणीं लेख लिहिला नव्हता. ते गेले तेव्हां तालुक्याच्या पत्रांतहि चार ओळी आल्या नाहींत. आम्हीं रागानें लेख पुन्हां पहिल्यापासून वाचून काढला, त्या पोरास उत्तर सांपडेल म्हणून. आणि शेवटच्या परिच्छेदांत ‘त्यांच्या प्रमुख शिष्यांत’ या शब्दांपुढें आमचें स्वतःचें नांव वाचलें. तें आम्हींच घातलें होतें. घालतांना त्यांत कांहीं वावगें आहे असें क्षणभरहि वाटलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं, लेख काढावयास हरकत नाहीं, असें आम्हीं आपण होऊन लिहिलें.

या प्रकरणांत आमचें आणखीहि एक अज्ञान उघडें पडलें, तें वाद घालण्याविषयींचें. आणि तर्कशास्त्र शिकलेल्या माणसास हें अधिक लाजिरवाणें. नैयायिकांनीं कथेचे तीन प्रकार केले आहेत. खरें काय तें कळावें म्हणून दोघांनीं मिळून केलेला तो वाद. कोणत्याहि उपायानें जिंकावयाचें म्हणून केलेला तो जल्प. आणि स्वतःचें कांहीं न मांडतां दुसऱ्याचें पाडावयाचें एवढ्यासाठीं केलेली ती वितंडा. आम्हीं त्या मुलाशीं केला तो जल्प. पाटी काढणें, पुन्हां काढणें, यास तेथें ‘संपादनयुद्ध’ म्हणतात आणि इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षां अधिक वेळां दुसऱ्याचें काम उलटविणारास लिहिण्यास बंदी होऊं शकते, मग त्याची बाजू खरी असो वा खोटी. हा नियम आम्हांस प्रथम अन्यायाचा वाटला. पुढें लक्षांत आलें कीं, ज्याची बाजू खरी त्याला घाई नसते. तो चर्चापानावर जाऊन संदर्भ ठेवतो आणि चार लोकांची वाट पाहतो. वाद हातघाईवर आला तर प्रचालक पानास कांहीं दिवस कुलूप लावतो. कुलूप लागतें तेव्हां पानावर नेमका आपल्या मतें चुकीचाच मजकूर असतो, असा प्रत्येक पक्षाचा अनुभव आहे!

तंटा सोडविण्यास आम्हांस सर्वांत उपयोगी पडली ती शास्त्रीबुवांचीच शिकवण. पूर्वपक्ष असा मांडावा कीं, प्रतिपक्ष्यानें म्हणावें, ‘माझें म्हणणें मलाहि इतकें चांगलें मांडतां आलें नसतें.’ आमच्या नव्या विमानतळाचेंच घ्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें, पण नांवाचा वाद त्याच्या आधींचा. २०२१ सालीं बाळासाहेब ठाकरे यांच्या नांवाचा प्रस्ताव पुढें आला, त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नांवासाठीं प्रकल्पग्रस्त भूमिपुत्र हजारोंनीं रस्त्यावर उतरले, आणि २०२२ सालीं विधिमंडळानें दि. बां.च्या नांवाचा ठराव केला. अशा विषयावर लिहितांना नांव काय असावें हें कोशानें ठरवावयाचें नाहीं. कोणीं, केव्हां, कां, काय मागितलें आणि कोणी काय ठरविलें, तें तारीखवार द्यावें. ज्यांच्या जमिनी या शहराखालीं गेल्या त्यांस तें नांव कां हवें होतें, हें नीट लिहिलें म्हणजे ‘लोकनेते’ हें विशेषण घालण्याची वेगळी गरज राहत नाहीं.

सर्वच तंटे इतक्या सबुरीनें सुटत नाहींत. २०२५च्या फेब्रुवारींत छत्रपति संभाजी महाराजांवरील ‘छावा’ हा हिंदी चित्रपट निघाला. लोकांनीं मोबाईलवर महाराजांचें चरित्र शोधलें, आणि इंग्रजी विकिपीडियावरील कांहीं वाक्यें वाचून महाराष्ट्रांत संतापाची लाट उसळली. मुख्यमंत्र्यांनीं सायबर पोलिसांस लक्ष घालण्यास सांगितलें, मजकूर काढण्याविषयीं चालकांस कळविण्यांत आलें, आणि त्याच महिन्यांत चार-पांच संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला. ‘महाराष्ट्र सायबर’ या खात्याचें ठाणें आमच्याच शहरांत, महापे येथें आहे. त्यामुळें त्या दिवसांत आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत दुसरा विषय नव्हता. “तुम्हीहि त्यांतलेच ना, मास्तर?” असें एकानें अर्धवट थट्टेनें विचारलें, आणि त्यांतला अर्धा भाग थट्टा नव्हता.

तीं वाक्यें आम्हांसहि बोंचलीं. पण मास्तरकीच्या संवयीनें आम्ही त्या फिरण्यांत एक गोष्ट सांगत राहिलों, ती येथेंहि सांगतों. महाराजांची जी प्रतिमा दीडशें वर्षें नाटकांतून आणि कादंबऱ्यांतून मळत आली, तिचें मूळ बरेंचसें मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरींत आहे. आणि ती बखर महाराजांच्या १६८९ सालच्या बलिदानानंतर सव्वाशें वर्षांच्या सुमारास लिहिलेली. वा. सी. बेंद्रे यांनीं ती बखर जाळा, असें म्हटलें नाहीं. त्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें देशींविदेशींच्या दफ्तरांत घालविलीं आणि १९६० सालीं महाराजांचें साधार चरित्र प्रसिद्ध केलें. १९७१ सालीं डॉ. कमल गोखले यांचें ‘शिवपुत्र संभाजी’ आलें. आज कोणास तें इंग्रजी पान सुधारावयाचें असेल, तर हीं दोन पुस्तकें आणि त्यांतील पृष्ठांक हातीं आहेत. गुन्हा नोंदल्यानें वाक्य पुसलें जाईल. पण वाचणाराच्या मनांत, तें खरें होतें म्हणून तर पुसलें, असा संशय राहून जाईल. बेंद्र्यांनीं तो संशयच उरूं दिला नाहीं. आमच्या फिरण्यांतले सर्वच गृहस्थ यास कबूल झाले नाहींत. एकानें आम्हांशीं आठ दिवस अबोला धरला. अबोल्यांची आम्हांस आतां संवय होत चालली आहे.

न्यायासनापुढेंहि हा प्रश्न गेलाच आहे. ए. एन. आय. या वृत्तसंस्थेनें आपल्यावरील लेखांत बदनामी झाली म्हणून २०२४ सालीं दिल्ली उच्च न्यायालयांत २ कोटी रुपयांचा दावा लावला. तेथें संपादकांचीं नांवें उघड करा, असा आदेश झाला, आणि त्या दाव्याविषयीं विकिपीडियावर जो लेख निघाला तोहि काढावयास लावण्यांत आला. ९ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो लेख काढण्याचा आदेश रद्द केला. टोपणनांवानें लिहिणाऱ्या माणसाची जबाबदारी किती आणि संरक्षण किती, यावरील वाद त्यानें संपला असें मात्र नव्हे. आम्ही आमच्या खऱ्या नांवानें लिहितों. तें शौर्य नव्हे. टोपणनांव सुचलें नाहीं इतकेंच.

एक शल्य मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. त्रयस्थानें छापलें असेल तरच घ्यावयाचें, हा नियम जाहिरातदारांस अडवितो. पण ज्यांच्याविषयीं कोणीं कधीं कांहीं छापलेंच नाहीं, त्यांसहि तोच अडवितो. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आज पुरवणीचें पान विकत घेतो, आणि मुंगीच्या पायाएवढीं तीं अक्षरें ज्याच्या दृष्टीस पडत नाहींत असा भोळा सदस्य तें संदर्भ म्हणून स्वीकारतो. शास्त्रीबुवा बाहेर आणि ‘कार्यसम्राट’ आंत, असें एखादें पान आम्हांस दर महिन्यास दिसतें. आपल्या घराघरांतल्या कित्येक आज्या, ज्यांस शेंकडों ओव्या आणि औषधें पाठ होतीं, त्या तर कोणत्याच कोशाच्या दाराशीं कधीं येणार नाहींत. आम्हीं आतां शास्त्रीबुवांच्या हयात शिष्यांस पत्रें लिहावयास आरंभ केला आहे. त्यांच्याजवळच्या वह्या, पत्रें, आठवणी एकत्र कराव्या आणि एखाद्या संशोधनपर नियतकालिकाच्या संपादकांकडे द्याव्या, असा बेत आहे. त्यावर लेख लिहावयाचा तो मात्र आमच्याखेरीज दुसऱ्या कोणीं तरी. सात पत्रांस दोन उत्तरें आलीं आहेत.

वैशाखांत नातवाची मुंज झाली. मातृभोजन, भिक्षावळ, सर्व यथासांग पार पडलें. दुपारीं पंगती उठल्यावर मांडवांत पंख्याखालीं आम्ही विडा घेऊन बसलों होतों, तों व्याही येऊन शेजारच्या खुर्चीवर बसले. थोडा वेळ उकाड्याविषयीं बोलणें झालें. मग ते म्हणाले, “मास्तर, त्या तुमच्या विकिपीडियावर आमच्या गांवच्या तळ्याविषयीं चुकीचें लिहिलें आहे. कोणीं तरी तें पांडवांनीं एका रात्रींत खणलें, असें ठोकून दिलें आहे.”

त्यांचें मूळ गांव पनवेलजवळचें. आम्हीं जपून विचारलें, “चुकीचें, हें कशावरून?”

त्यांनीं सदऱ्याच्या खिशांतून घडी केलेला एक कागद काढला. जुन्या इंग्रजी टंकांतल्या छापील पानाची ती नक्कल होती. समासांत पेन्सिलीनें खूण केलेली. “ठाणें जिल्ह्याचें सरकारी गॅझेटिअर, १८८२. तेव्हां पनवेल ठाण्यांत होतें. तळें कोणीं बांधलें आणि खर्च कोणीं केला, सगळें दिलें आहे.” आणि कागद आमच्या हातांत देतां देतां म्हणाले, “हें तर आमच्या पैशानें छापलेलें नाहीं ना?”

आम्हीं चष्मा शोधूं लागलों, तेव्हां त्यांनीं आपला काढून दिला. सायंकाळीं पाहुणे पांगल्यावर मुलीचा संगणक मागून घेतला आणि गांवच्या पानाच्या चर्चेंत तो उतारा घातला. पृष्ठांक त्यांनीं सांगितला, आम्हीं लिहिला.